गेटजवळच्या कॅमेऱ्यातली आई

बदलीमुळे आम्ही बंगालमध्ये, बेहालाला राहायला आलो, त्या हिवाळ्यात आई मिरजेहून माझ्याकडे आली होती. मी ऑफिसला गेले की ती खाली गेटजवळच्या बाकावर उन्हाला बसायची. तळमजल्यावरच्या एक बंगाली आजीही तिथे यायच्या. सगळी इमारत त्यांना माशीमा, म्हणजे मावशी, म्हणायची. आईला बंगाली येत नव्हतं, माशीमांना मराठी. तरी संध्याकाळी आई सांगायची, "आज खूप गप्पा झाल्या." मी हसून सोडून द्यायचे.

आई मिरजेला परतली आणि थोड्याच दिवसांत माशीमा झोपेतच गेल्या. मी आईला फोनवर कळवलं. ती म्हणाली, "आमचा दोघींचा एखादा फोटो असेल का गं?"

नव्हता. पण गेटवर कॅमेरा होता. जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जायच्या आत मी आणि माशीमांचा मुलगा सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेलो. स्क्रीनवर धुकं, त्यात मुरलेलं फिकट ऊन, आणि बाकावर शाली पांघरलेल्या दोघी. माशीमांचा हात मधूनच सावकाश वर जायचा, हवेत हेलकावत पुढे सरकायचा, पुन्हा मांडीवर यायचा. आम्ही नुसते बघत राहिलो.

मग कॉपी करताना रेकॉर्डिंगच्या मशीनने विचारलं, फाइल कुठल्या फॉरमॅटमध्ये हवी?

"मूळ फॉरमॅटच घ्या," सेक्रेटरी म्हणाले. "चित्र जसंच्या तसं राहतं. पोलीसही तेच मागतात."

तेच घेतलं आणि मिरजेला आईजवळ राहणाऱ्या माझ्या भावाला पाठवलं. त्याच्या फोनवर ते उघडेचना. त्याला त्या मशीनचा खास प्लेअर लागत होता. आम्ही पुन्हा गेलो आणि एमपीफोर निवडलं. चेहऱ्यांच्या कडा जरा विरघळल्या, पण आता ते कुठल्याही फोनवर चालणार होतं. माशीमांच्या मुलाने दोन्ही फाइली घेतल्या. "मूळ जपायला," तो म्हणाला, "आणि ही बघायला."

रविवारी आईला व्हिडिओ कॉल केला. माशीमांचा मुलगा माझ्या शेजारीच बसला होता. भावाने आईसमोर ते रेकॉर्डिंग लावलं.

"आवाज नाही का गं याला?"

"नाही, आई. हा कॅमेरा आवाज घेत नाही."

"असू दे," म्हणत ती स्वतःच बोलायला लागली. "इथे मी तिला सांडग्यांचं सांगतेय. आणि आता बघ, हात हलवतेय ना, ती नाव आहे. तिचे वडील नदीपलीकडे गिरणीत होते. भोंगा झाला की ही धावत घाटावर जायची, त्यांची नाव बघायला."

मी माझ्या मोडक्या बंगालीत त्याला ते सांगितलं. तो पुढे सरकला.

"बजबजचा घाट," तो हळूच म्हणाला. "आजोबा तागाच्या गिरणीत होते, खरंय. पण घाटाचं आईने मला कधीच सांगितलं नाही. विचारा ना, पुढे काय म्हणाली?"

मी आईला विचारलं.

"पुढचं मला नाही कळलं," ती म्हणाली. "पण ती हसली, म्हणून मीही हसले."