नीलव्वांचं लांबचं गिऱ्हाईक

शिवून झालेलं कापड नीलव्वा नेहमी उलटं करून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या. पोलकं असो की परकर, आतली बाजू वर. गिऱ्हाईक गोंधळायचं. मग नीलव्वा म्हणायच्या, "आधी पाठ बघा. तोंड तर समदेच बघतेत."

त्या धागे मोजून सुईनं कशिदा भरायच्या. त्यांच्या माहेरी, आळंदकडं, त्याला कसुती म्हणतात. त्यात कुठं गाठ नसते आणि दोन्ही बाजूंनी नक्षी सारखीच दिसते. खणाचं पोलकं, इरकलीचा परकर, त्यावर गोपूर, रथ, हत्ती, तुळशीवृंदावन. सणासुदीला, लग्नकार्याला आमच्या मुरूम गावातल्या बायका महिना-दोन महिने आधी सांगून ठेवायच्या. घाई करणाऱ्याला नीलव्वा सरळ बाजारातल्या तयार कपड्यांच्या दुकानाची वाट दाखवायच्या.

मी वाशीची. मुरूमच्या शाळेत बदली झाली तेव्हा त्यांच्या शेजारच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. पहिल्याच महिन्यात धाकट्या बहिणीच्या लग्नाचं पोलकं घेऊन मी त्यांच्याकडं गेले आणि बाह्यांवर हत्ती काढायला सांगितले.

"बहीण उंच हाय का बुटकी?" त्यांनी मशीनवरून मान न उचलता विचारलं.

"बुटकी आहे."

"मग हत्ती नको. मांडवात नवरी दिसायची न्हाय, नुसते हत्ती चालल्यासारखं दिसंल. तुळस काढते."

मला राग आला होता. पण लग्नात सगळ्या बायका बहिणीचे हात धरून बाह्या पाहत होत्या. ते सांगायला परत गेले, तेव्हा नीलव्वांनी मला चहा दिला. तिथून आमचं येणं-जाणं सुरू झालं. वयानं मी त्यांच्या लेकीएवढी, पण त्या मला शेवटपर्यंत 'बाई' आणि 'तुमी'च म्हणाल्या. कशानंही मन दुखलं की त्यांच्या तोंडून एकच कानडी शब्द निघायचा, "इरली." म्हणजे असू दे. दुधवाल्यानं पाणी घातलं तरी इरली आणि भावानं पंचमीला न्यायला यायचं टाळलं तरी इरली.

दिवाळी उरकली की त्या एका लहान मुलीचा परकर भरायला घ्यायच्या. त्या दिवसांत दुसरं काम घेत नसत. हे कुणाचं, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "लांबचं गिऱ्हाईक हाय." दुसऱ्या वर्षीही तेच उत्तर आलं. तेव्हा मात्र मी उठले नाही, बसून राहिले. सुई चालवत चालवतच त्यांनी सगळं सांगितलं.

त्यांना एकच मुलगी, महादेवी. जळकोटला दिलेली. जावई पुण्याला कंपनीत. बाळंतपणाला महादेवी मुरूमला आली, मुलगी झाली आणि मुलगी तीन महिन्यांची असताना महादेवी काविळीनं गेली. सई नाव ठेवलेलं ते लेकरू नीलव्वांनी दीड वर्षाचं होईपर्यंत सांभाळलं. मशीनशेजारी झोळी बांधून. मग जावयानं दुसरं लग्न केलं आणि तो मुलीला घेऊन गेला. वर्षभरानं तो नव्या बायकोसह, स्वातीसह, परत आला. सई आता स्वातीलाच आई म्हणत होती. तिला अजून काही सांगितलेलं नव्हतं. ती कळती होईपर्यंत नीलव्वांनी तिच्यासमोर येऊ नये, असं तो खाली मान घालून म्हणाला.

"आणि तुम्ही हो म्हणालात?" मी विचारलं. "नीलव्वा, तुमचा हक्क आहे तिच्यावर."

"हक्क हाय. पर हक्क घेऊन म्या काय करू ओ बाई? लेकराला एक आई पुरती. तिला बसल्या जागी मिळाली. म्या जाऊन सांगू, ही तुझी न्हाय म्हणून?" त्यांनी दातानं दोरा तोडला. "म्या येवढंच म्हणलं, वरसाला एक परकर-पोलकं म्या धाडणार. कुणी शिवलं विचारलं तर मुरूमची शिंपीन म्हणा."

त्यानंतर मापं माझ्या फोनवर येऊ लागली. नीलव्वांचा फोन साधा, म्हणून स्वाती मला पाठवायची. छाती, कंबर, उंची. मी वाचून दाखवायची. उंची वाढलेली ऐकली की नीलव्वा उठून भिंतीला हात लावून बघायच्या. "हितवर आली," म्हणायच्या. कपडे तयार झाले की जळकोटला जायचे. येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, जावयाचं कुटुंब पुण्याहून गावी यायचं. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करून पांडवांची पूजा, मिश्र भाज्यांची भज्जी, आंबील. तिथं सई ते नवे कपडे घालायची. स्वाती फोटो पाठवायची, न विसरता. त्यात सई कडब्याच्या कोपीपुढं उभी असायची. नीलव्वा तो फोटो माझ्या फोनवर बोटांनी मोठा करायला शिकल्या होत्या.

सई नऊ वर्षांची होती त्या वर्षी पोलकं दंडाला घट्ट झालं. माप पाठवल्यापासून पोरगी वाढली होती. येळवसेच्या आदल्या दिवशी सकाळी स्वातीचा फोन आला. सई दुसरं काही घालायलाच तयार नाही, रडून घर डोक्यावर घेतलंय, घेऊन येऊ का, असं ती विचारत होती. मी निरोप सांगितला. नीलव्वांनी हातातली सुई खणाच्या तुकड्यात खोचली. मग म्हणाल्या, "बाई, तुमी हितंच बसा. म्या एकटी ऱ्हायले तर तोंडातनं जाईल."

तासाभरात गाडी आली. दोन वेण्या घातलेली, गोरीपान, बोलकी मुलगी आत आली आणि घरभर बघत म्हणाली, "माझे ड्रेस तुम्हीच शिवता का आजी?"

म्हातारी बाई दिसली की मुलं आजीच म्हणतात. नीलव्वांनी मशीनचा कोपरा धरला. "व्हय, म्याच शिवते," त्या म्हणाल्या.

स्वाती दारातच उभी होती. तिनं एकदा नीलव्वांकडं पाहिलं आणि म्हणाली, "मी जरा मेडिकलमधून येते." ती गेली आणि बराच वेळ आली नाही. औषध काही आणायचं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

नीलव्वांनी बाहीची शिलाई उसवली. मग टेप घेऊन माप घ्यायला बसल्या. दंड, खांदा, छाती. मग मनगट, मग पायाचा घोटा. शेवटी त्यांनी टेप सईच्या कपाळाभोवती लावला.

"टोपी पण शिवणार?" सईनं विचारलं.

"बघू की."

"आजी, माझ्या प्रत्येक परकरावर कोपऱ्यात पाळणा का असतो?"

मी खिडकीकडं तोंड वळवलं. नीलव्वा म्हणाल्या, "हाताला सवय हाय बाळा."

"पुढच्या वेळी नका काढू. मी काय बाळ आहे का? आणि मला परकर नको, घागरा हवाय. आरसेवाला. सगळ्या मैत्रिणींकडं आहे."

"बरं. पाळणा काढत न्हाय."

बाही सैल झाली. निघताना स्वातीनं सईला पाया पडायला लावलं. नीलव्वांनी तिच्या हातात शेंगांच्या पोळ्यांची पुरचुंडी दिली. स्वाती हळूच म्हणाली, "अजून थोडी वर्षं, नीलव्वा."

"इरली," नीलव्वा म्हणाल्या.

गाडी गेल्यावर त्या उंबऱ्यावर बसल्या. मला वाटलं रडतील. रडल्या नाहीत. "मला वाटलं हुतं, महादेवी दिसंल तिच्यात," त्या म्हणाल्या. "लई बघितलं बाई. कुठंच दिसली न्हाय. कान बापाचे, नाक त्याच्या आईचं. महादेवी समदीच गेली म्हणायची." मी त्यांचा हात धरला.

त्यानंतर दिवाळीची वाटही न बघता, उन्हाळ्यातच त्यांनी घागरा भरायला घेतला. आरसे लावायचं काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं. उमरग्याहून आरसे आणवले, जुन्या फडक्यांवर टाके घालून बघितले. बोटांना चिरा पडल्या. आषाढात एका दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. मी शाळेतून आले तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं.

जावई आणि स्वाती आले. लिंगायत रीतीप्रमाणं नीलव्वांना बसवून, हातात इष्टलिंग देऊन माती दिली. स्वाती परत घरात आली आणि मशीनवरचा अर्धा भरलेला घागरा छातीशी धरून जमिनीवर बसली. "मी सांगणार होते हो बाई," ती म्हणत राहिली. "दहावी झाली की सांगू, असं ठरवलं होतं आम्ही." घागरा ती तसाच घेऊन गेली.

मग दहावीपर्यंत थांबणं तिलाच जमलं नाही. श्रावण संपता संपता तिनं सईला सगळं सांगितलं. सई दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं स्वातीच्या फोनवरून मला फोन केला. आवाज बसलेला होता.

"बाई, मी तिथं दीड वर्ष राहिले ना?"

"हो बाळा."

"मग मला बोलता येत असेल थोडंसं. मी त्यांना काय म्हणायची?"

मी मुरूमला आले ती त्यानंतर काही वर्षांनी. मला माहीत नव्हतं. बापाला विचार म्हणाले, तर तो म्हणे महिन्यातून एकदा यायचा, त्यालाही आठवत नव्हतं. मी तिला सांगितलं, विचारून बघते. गल्लीतल्या जुन्या घरांत गेले, समोरच्या किराणा दुकानदाराला विचारलं, दोन घरं सोडून राहणाऱ्या अंबव्वांना विचारलं. झोळी सगळ्यांना आठवते. पोर दिवसभर बडबडायचं, हेही सगळे सांगतात. नीलव्वांना ते काय म्हणून हाक मारायचं, ते कुणालाच आठवत नाही.

सईचा अजून अधूनमधून फोन येतो, कुणाला आठवलं का विचारायला.