देवमाशाची कंबर

आमच्याकडं वेळ अमावस्येला सगळं घर शेतात जेवतं. ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करायची, सगळ्या भाज्यांची मिळून भज्जी शिजवायची, आंबील लावायची आणि वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून पंगतीला बसवायचं. यंदा घरात मी एकटीच, तरी आंबिलीला मोठा माठच काढला. जन्मभर लोहाऱ्यात विज्ञान शिकवलं, पोरांना डोकं वापरा म्हणून ओरडले, आणि स्वतः ही अशी!

खरं तर तो माठ मुलाच्या आशेवर भरला होता. तो जहाजावर असतो. करार संपला की कायमचं परत यायचं बघतो, म्हणाला होता; काय ठरलं ते सणाला कळवणार होता. दुपारी फोन आला. पडद्यावर निळं पाणी आणि त्यात एक काळी पाठ.

"आई, देवमासा बघ! केवढा हाय!"

माझ्यातली मास्तरीण गप्प बसते होय? म्हटलं, "ह्याचे पूर्वज चार पायांचे, खुरांचे, जमिनीवरचे. काश्मीरकडं त्यांच्या मांजराएवढ्या भाऊबंदांची हाडं सापडलीत. लाखो वर्षं ते हळूहळू पाण्यात उतरत गेले. पुढच्या पायांची वल्ही झाली, मागचे नाहीसे झाले. पाणी वजन तोलतं, समुद्रात खायला ढिगानं, म्हणून एवढे वाढले. आता जमिनीवर आला तर स्वतःच्याच वजनानं मरंल."

"मग परत कुणीच आलं न्हाय?"

त्याचा आवाज ऐकला आणि कळलं, हे देवमाशाबद्दल नव्हतं. खोटं सांगावंसं वाटलं, पण जन्मभर शिकवलेलं कसं फिरवणार?

"न्हाय रे. कुणीच न्हाय."

"मी नवा करार केलाय, आई."

"बरं. पण कमरेची हाडं अजून असतात त्याच्यात. बारकी, मांसात रुतलेली. आन् श्वास घ्यायला वर यावंच लागतं."

"येतो की. सुट्टीला येतो," तो म्हणाला.

फोन ठेवला आणि कोपीत बसून पोटभर रडले. मग चिडले, त्या माठावर. एवढी आंबील कोण पिणार? बांधावर जाऊन रस्त्यावरची जीप हात करून थांबवली. मुरुम गावाला निघालेली अनोळखी माणसं उतरून पंगतीला बसली. या सणाला कुणी नाही म्हणत नाही. त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "लेकरं कुठं हायेत तुमची?"

"एकच हाय," तिचा पेला भरत मी म्हणाले. "लई मोठं झालंय. आता हितं मावत न्हाय."