अमावास्येचा तीस

हरेश गेल्याचा फोन त्याच्या मुलीने केला, तेव्हा मी अलिबागच्या कोर्टात होतो. हातातल्या केसची पुढची तारीख घेतली आणि मगच बाहेर आलो. वकिलाचं रडणंसुद्धा तारीख लागल्यावर, असं तो म्हणाला असता...

मुरुडच्या शाळेत आम्ही एका बाकावर. पुढे तो मुंबईत सॉफ्टवेअर कंपनीत लागला. तिथे त्याने लायसन्स विकत घ्यावं लागणाऱ्या युनिक्सवर भरतीच्या वेळा काढणारा प्रोग्राम लिहिला. मालकी अर्थातच कंपनीची. नोकरी सोडून गावी आला, तर मच्छीमार सोसायटीलाही तसंच काही हवं होतं. कोळ्याला भरती कळायला कॉम्प्युटर लागत नाही, पण होड्या भरतीबरोबर बंदराला लागतात, तेव्हा बर्फाची गाडी केव्हा बोलवायची ते ऑफिसातल्या लोकांना ठरवायचं असे. दरवर्षीचं लायसन्स सोसायटीला झेपेना. हरेशने फुकट मिळणाऱ्या लिनक्सवर सगळं नव्याने लिहिलं आणि इंटरनेटवर टाकलं : कोणीही घ्या, बदला, पुढच्याला अडवू नका.

मग कंपनीची नोटीस आली. पाकीट न फोडताच त्याने माझ्या टेबलावर ठेवलं. "तूच वाच. मी चोरी केली न्हाय, बस."

कंपनीचं म्हणणं, आमचा कोड उतरवला. पुरावा म्हणून दोन्हीकडे एकच चूक. खोटं कशाला बोलू, मला शंका आली. चूक कोणती ते मी त्याला सांगितलंच नाही. म्हटलं, उत्तराला जोडायचंय, सगळं पुन्हा वहीत लिहून दे, इथेच. तीन दिवस तो माझ्या ओटीवर लिहीत बसला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे त्याला वडिलांनी होडीत शिकवलेलं. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. अमावास्येला धरायचे पंधरा, पण पंचांगात आकडा छापतात तीस. हरेशने तिसऱ्यांदाही तीसच लिहिला. सव्वाअकराऐवजी साडेदहा, म्हणजे भरती पाऊण तास लवकर. गाडी आधी आली तर तक्रार कोण करतो? म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

चूक त्याची स्वतःची होती. मी त्या तीसभोवती लाल पेनाने गोल केला, पानांच्या झेरॉक्स उत्तराला जोडल्या. कंपनीने विषय सोडून दिला. पण हरेशला तो गोल दिसला.

"म्हंजे तू माझी परीक्षा घेत व्हतास."

मी "वकील म्हणून..." एवढंच बोललो. नंतरही तो यायचा, थट्टा करायचा, पापलेट पाठवायचा. वही मात्र त्याने कधी मागितली नाही.

परवा त्याच्या मुलीने मागितली. प्रोग्राम अजून चालतो. अमावास्या त्याने केव्हाच सुधारली होती. वही माझ्या कपाटात आहे, अजून दिलेली नाही. दिली तर ती विचारेल, हा लाल गोल कुणाचा.