न हलणारी जागा

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात कॉलेजला फिजिक्स शिकवायचो. आमच्या गल्लीत एक विणकर होता. मागांच्या खडखडाटानं त्याचे कान गेले होते. नाव विचारलं तरी नुसता हसायचा.

खोलीत एकाच शाफ्टवर चालणारे दोन माग आणि मध्ये बायकोची खाट. क्षयानं ती हाडांपुरती उरली होती, जमिनीचा हादरा तिला सोसवायचा नाही. पाण्यानं भरलेली वाटी जागोजागी ठेवून त्यानं खाटेची जागा शोधली होती.

"हितं पानी हालत न्हाय बगा," तो ओरडून म्हणाला. "एक माग थांबवला की हालतंय. दोनी चालले की गप."

एका लाटेचा चढ दुसरीच्या उतारात जिरतो, हे मी फळ्यावर शिकवायचो.

पुढं मागांच्या मालकानं एक माग उचलून नेला. दुसऱ्या दिवशी दारातून पाहिलं, तर उरलेला माग चालू ठेवून विणकर वाटी घेऊन खोलीभर फिरत होता. ती जागा गेलेल्या मागानंच राखली होती; एकट्या मागाच्या हादऱ्यात तशी जागा कुठंच नसते.

"पुरं आता," बायको खाटेवरून म्हणाली. "हालू दे."

तो पाठमोरा, वाटीवर वाकलेला होता.