फॉर्मवरचा नंबर

आईच्या लेखी साहेबांचा फोन नंबर म्हणजे आमचा कायमचा पत्ता. मळवलीत त्यांचा बंगला आम्ही राखायचो आणि मागच्या खोलीत राहायचो. गॅसचं पुस्तक असो की माझा शाळेचा अर्ज, नंबर त्यांचाच. आमचा रिचार्ज संपायचा, साहेबांचा फोन कधी बंद नसायचा. आसपासच्या सगळ्या बंगल्यांवर हीच रीत होती.

बारावीनंतर मला पुण्यात नर्सिंगला प्रवेश मिळाला, पण राहायला जागा नव्हती. मुलींसाठी सरकारी वसतिगृह असतं, हे लोणावळ्याच्या कॉलेजात दोन वर्षं काढूनही मला कुणी सांगितलं नव्हतं. सूचना फलकावर त्याचा कागद होता, पण वर कुणीतरी स्पोकन इंग्लिशच्या क्लासची जाहिरात डकवलेली. ती सोलून तो कागद मीच वाचला आणि फॉर्म भरला.

"साहेबांचाच नंबर टाक," आई म्हणाली. "आपला कवा लागतो, कवा न्हाई."

साहेबांनी फोनवर ओटीपी सांगितला, वर 'ऑल द बेस्ट'ही म्हणाले. मग महिना गेला. त्यांना विचारते म्हटलं, तर आई म्हणे, "मोठ्या मानसाला सारकं इचारायचं न्हाई."

शेवटी मी वसतिगृहाच्या कार्यालयात गेले. तिथल्या बाई स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाल्या, "निवड झाली होती की. दोनदा मेसेज गेलाय. मुदत संपली, जागा पुढच्या मुलीला दिली."

"एखादा फोन तरी..."

"नंबर तुम्हीच दिलाय ना?" असं म्हणून त्यांनी डबा उघडला. भेंडीच्या भाजीचा वास खोलीभर पसरला.

शनिवारी साहेब आले. मी सगळं सांगितलं.

"ते सरकारी मेसेज? अगं, रोज कचरा येतो, मी न वाचताच उडवतो. आधी बोलायचंस ना!" हसले आणि पोहायच्या टाकीत उतरले. मी काठावर त्यांचा टॉवेल धरून उभी होते. तो त्यांच्या तोंडावर फेकावासा वाटला.

आईनं मला बाजूला ओढलं. "साहेबांना उगा तरास दिलास. माफी माग."

आणि मी मागितली. टॉवेल त्यांच्या हातात देत, मान खाली घालून, "चुकलं माझं" म्हणाले. राहायला जागा नाही म्हणून नर्सिंग हुकलं, त्याचं दुःख आता पुष्कळ निवलंय. त्या दोन शब्दांची शिसारी मात्र अजून जात नाही.