पुढचा डावा टायर

दादाच्या मणक्यातली गादी सरकली आणि डॉक्टरांनी त्याला गाडी चालवायची बंदी केली, तेव्हा आमचं भांडुपचं घर एका शाळेच्या व्हॅनवर चालत होतं. वडील गिरणी बंद पडल्यापासून घरीच बसले होते आणि मी ज्या दुकानात कामाला होते त्याचं शटर नुकतंच कायमचं खाली आलं होतं. बदली ड्रायव्हर ठेवायची बोलणी चालली होती. वहिनी भात वाढता वाढता म्हणाली की व्हॅन ती चालवेल.

वहिनी खारदांड्याची, कोळ्यांच्या घरातली. लग्नाआधी तिने घरचा मासळीचा टेम्पो चालवला होता, हे आम्हाला माहीत होतं. पण माहेरच्या गोष्टी सांगताना माणसं सांगतात तशातलं एक म्हणून ते आम्ही ऐकून सोडलं होतं. ती मात्र दुसऱ्या दिवसापासून कामाला लागली. मुलांची गाडी चालवायला बॅज लागतो, त्यासाठी आरटीओत खेटे घातले, मोटर ट्रेनिंगवाल्या म्हाताऱ्या मास्तरांकडे पुन्हा धडे घेतले. गाडीत मुलांबरोबर एक बाईमाणूस लागतं, ती मी झाले. त्यामुळे पुढे जे घडलं ते मी मागच्या सीटवरून, मांडीवर कुणाचं तरी दप्तर घेऊन पाहिलं.

पहिल्या आठवड्यातच घरात कुरबुर सुरू झाली, ती टायरांवरून. वहिनी सकाळी चहाच्या आधी खाली उतरायची आणि प्रत्येक टायरवरून तळहात फिरवायची. बाहेरून दिसणाऱ्या बाजूने तर करायचीच, पण आडवी होऊन आतल्या बाजूनेही. खाचांत अडकलेले खडे जुन्या स्क्रू ड्रायव्हरने काढायची. हवा नेहमी सकाळीच, टायर थंड असताना भरून घ्यायची आणि पंपावरच्या माणसाने स्टेपनी सोडली तर त्याला परत बोलवायची. खिडकीतून आई हे सगळं बघायची. एकदा तिने वरूनच विचारलं, "गो, टायर पुसतंस काय त्येची पूजा करतंस?" वहिनी हसली आणि दुसऱ्या टायरकडे वळली.

दादाला मात्र हसू येत नव्हतं. गाडी त्याची, इतकी वर्षं त्याने चालवलेली. पुढच्या टायरांच्या खाचा झिजून जवळपास सपाट झाल्या होत्या, आणि वहिनीने नवे घ्यायचं काढल्यावर तो बिछान्यावरून चिडला. त्याचं म्हणणं, याच टायरांवर मी दोन पावसाळे काढलेत, आणि बदलायचेच तर जुन्यावर नवं रबर चढवलेले घ्या, निम्म्यात काम होईल. वहिनीने त्याच्याशी वाद घातला नाही. मागे बसणारी पोरं आपली नाहीत, एवढंच म्हणाली आणि लग्नातल्या पाटल्यांतली एक मोडून पुढे नवे टायर घालून आली. दादा त्या दिवशी तिच्याशी बोलला नाही.

जुने टायर तिने दुकानात तसेच सोडले नाहीत. पंक्चरवाल्याला पटाशी आणायला लावून दोन्हींच्या बाजू आपल्यासमोर कापून घेतल्या. तो कुरकुरला, कारण तसल्या टायरला कुणी ना कुणी गिऱ्हाईक मिळतं. झिजलेल्या रबरात नव्याने खाचा कोरतात आणि कुणातरी रिक्षा-टेम्पोवाल्याच्या गळ्यात मारतात. मला तेव्हा वाटलं, हे जरा अतीच होतंय. आपली गाडी झाली ना सुरक्षित, मग बस की. घरी येताना मी तसं बोललेही. ती म्हणाली की तो टेम्पोही आपल्याच रस्त्यावरून जाणार आहे ना.

मग हिवाळ्यात शाळेने लहान मुलांना आरे कॉलनीत गुरांचे गोठे दाखवायचं ठरवलं. चार-पाच व्हॅन निघाल्या, आमची सगळ्यात शेवटी. मुलांनी म्हशी पाहिल्या, दूध प्यायलं, शेणाच्या वासाने नाकं दाबली, आणि दुपारी आम्ही पवईच्या बाजूने परत निघालो. तिथे रस्ता झाडीतून वळत उतरतो. गाडीत गाणी चालली होती, दोन पोरं माझ्या खांद्यावर झोपली होती.

उतारावर समोरून बस आली. रस्ता अरुंद, म्हणून वहिनीने गाडी डाव्या कडेला घेतली. कडेच्या गवतात कुठल्याशा कामाची तुटकी लोखंडी पट्टी मातीतून वर आली होती, ती वरून दिसतच नव्हती. पुढचा डावा टायर तिच्यावर घासला आणि बार उडाल्यासारखा आवाज झाला.

व्हॅन डावीकडे ओढली गेली. डाव्या हाताला रस्ता संपत होता आणि खाली ओढ्याकडे उतरण होती. मी आरशात वहिनीचा चेहरा पाहिला. तिने ब्रेकला पाय लावला नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, इतकं घट्ट की तिचे खांदे वर आले होते. गाडीला हवं तितकं धावू दिलं, वेग थोडा मोडल्यावर गिअर खाली घेतला. फाटलेलं रबर पत्र्यावर फटफट आपटत होतं. पुढे वळणाशी रस्ता सपाट होतो, तिथे तिने अगदी हळू ब्रेक दाबला आणि गाडी कडेला उभी राहिली. मागच्या सीटवरच्या एका मुलीने विचारलं की घर आलं का.

वहिनीने मागे वळून सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. मग मला म्हणाली की मुलांना रस्त्यापासून आत, त्या मोठ्या झाडाखाली ने. तिने चाकांमागे दगड लावले, जॅक काढला. बसचा ड्रायव्हरही गाडी थांबवून धावत आला होता. दोघांनी मिळून स्टेपनी चढवली. स्टेपनीत हवा पुरेशी आहे हे पाहून त्याने मान डोलावली आणि नट आवळायला घेतले.

तो गेल्यावर वहिनी माझ्या शेजारी येऊन बसली. तिने पाण्याची बाटली घेतली. बाटलीचं झाकण तिला उघडेना, मी उघडून दिलं. मी विचारलं, "तुला कळलं कसं गं काय करायचं ते?"

"मास्तरांनी सांगितलेलं, फुटला तर ब्रेक नाय मारायचा," ती म्हणाली. "आणि माझ्या मनात तो टायर रोज फुटायचा. पहिल्या दिवसापासून. घाटावर, पुलावर, सिग्नलला. आज खरा फुटला इतकंच."

इतके महिने मी तिच्या मागे बसत होते आणि तिला बेडर समजत होते. ती रोज भीतीसोबत गाडीत बसत होती आणि त्या भीतीला कामाला लावत होती, हे मला त्या झाडाखाली समजलं. धाडसी म्हणावीत अशी माणसं मी नंतर आणखीही पाहिली, पण कुणाबद्दल मला इतका आदर वाटला नाही.

घरी आल्यावर मीच सगळं सांगितलं, कारण वहिनी भाकऱ्या थापायला बसली होती. मला धास्ती होती की दादा म्हणेल, एवढे नवे टायर घेऊनही शेवटी फुटलाच ना. तो पट्टा बांधून पलंगावर बसला होता. त्याने उतार कुठला, बस किती जवळ होती, ओढा कुठल्या बाजूला, सगळं नीट विचारून घेतलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत म्हणाला, "मी असतो तर ब्रेक मारला असता."

आतला भाकरी थापण्याचा आवाज थांबला. थोड्या वेळाने थापण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

सोमवारी ती नेहमीच्या वेळेला खाली उतरली. झालेला प्रकार तिने सगळ्या पालकांना स्वतः फोन करून सांगितला होता, काहीही न लपवता. एका आईने आपल्या मुलाला दुसऱ्या गाडीत घातलं. बाकी सगळे आमच्याकडेच राहिले, आणि महिन्याभरात ती आईही परत आली.

दादाची पाठ पुढे बरी झाली. त्याने व्हॅन परत मागितली नाही. कर्ज काढून दुसरी घेतली आणि दोघं दोन शाळांची मुलं नेऊ-आणू लागले. हल्ली सकाळी चाळीखाली दोन व्हॅन उभ्या असतात. दादाला अजून वाकायला जड जातं, म्हणून त्याच्या गाडीच्या टायरांवरून आतल्या बाजूने हात वहिनीच फिरवते, आणि तो शेजारी टॉर्च धरून उभा असतो.