मधात टेकायची जागा

सोमवार, सकाळ. वाशीमबाहेरच्या रस्त्याच्या रुंदीकरणाची आखणी. हजर: देखरेखीला मी, मुकादम, मोजणीवाले आणि न बोलावता आलेली एक भाजीवाली.

तिचा मळा रस्त्याच्या एका बाजूला, घर दुसऱ्या. एका हाताने डोक्यावरचं टोपलं धरून, दुसरा तळवा ट्रकसमोर उभारत ती रोज रस्ता ओलांडायची.

मुकादम म्हणाला, "मावशी, चार पदरी होऊन राह्यला रस्ता. आता हात दाखवून कोणी थांबनार नाही!"

"मंग रस्त्याच्या मधात टोपलं टेकवाले जागा ठेवजा," ती माझ्याकडे पाहत म्हणाली. "एका दमात मले जमनार नाही."

रस्ता झाला, कोंडी सुटली. आता ती उंच दुभाजकावर टोपलं ठेवते, लुगडं सावरून वर चढते आणि तिथेच हात उभारून थांबते. टेकायला जागा मिळाली. दुभाजकात ओलांडायची वाट मात्र अजून ठेवायची राहिली आहे.